डोरथीचे एकोणीस सम्राट

लंडनला ईलिंगच्या गणपतीत दर वर्षी कुणाशी तरी नवी ओळख व्हायची आणि दुसऱ्याच वाक्याला प्रश्न यायचा, "मग तुम्ही काय करता?" नवरा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे म्हटलं की बहुतेकांचं समाधान व्हायचं. पुढचं उत्तर कुणाला नकोच असायचं. पण मी द्यायचेच. "मी जर्मन सम्राटांकडे असते," असं म्हणायचे आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत प्रसाद खायचे.

थट्टा वाटेल, पण ते अक्षरशः खरं होतं. मिल्टन कीन्सपासून गाडीने वीस मिनिटांवर, म्हणजे तिथल्या भाषेत सतरा राउंडअबाउट्सवर (चौकाचौकातल्या गोल वळशांवर), एक जुनं कंट्री हाउस, म्हणजे बड्या सरदाराचा खेड्यातला वाडा, आहे. लोक तिकीट काढून ते बघायला येतात. तिथे मी नऊ वर्षं रूम गाइड होते. नागपूरला इतिहासात एम. ए. केलं, लग्न झालं, इकडे आले, मुलं वाढवली, आणि ती युनिव्हर्सिटीत गेल्यावर दोन हजार सालाच्या सुमारास एकदाची त्या एम. ए.वरची धूळ झटकली. इंग्रजांच्या घरात उभं राहून इंग्रजांना जर्मनांचा इतिहास नागपूरच्या बाईने सांगायचा, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, हे मात्र त्या देशाचं कौतुक.

घरात वरच्या मजल्यावर 'एम्परर्स रूम' होती. लांबलचक खोली आणि भिंतींवर एकोणीस तैलचित्रं, सगळी जर्मन सम्राटांची. जर्मनीतल्या हॅनोव्हरचा जॉर्ज इंग्लंडचा राजा होऊन आला तेव्हा या घराच्या मालकाला वाटलं, नव्या राजाला खूश करावं. म्हणून त्याने राजाच्या मुलखातले सगळे मोठे पूर्वसूरी रंगवून घेतले आणि राजा मुक्कामाला येण्याची वाट बघत बसला. राजा काही आला नाही. सम्राट तेवढे आले आणि जवळजवळ तीनशे वर्षं तिथेच राहिले.

चित्रकाराने यातला एकही सम्राट बघितलेला नव्हता. बघणार कसा? बरेचसे पाच-सहाशे वर्षांपूर्वीच वारलेले. त्यामुळे त्याने डोक्यावरचे मुकुट बदलले, दाढ्या बदलल्या, आणि नाक मात्र सगळ्यांना एकच दिलं. ते बहुधा त्याच्या घरमालकाचं असावं. बेसिंगस्टोकला आयटीत असलेला एक मुलगा पुण्याहून आलेल्या आई-वडलांना घेऊन आला होता. वडील पाचव्या चित्राशी थबकले.

"हे सगळे सख्खे भाऊ का हो?"

"नाही हो काका. पहिल्यात आणि शेवटच्यात नऊशे वर्षांचं अंतर आहे."

"मग नाक?"

"बाबा, पुढे चला ना, अजून चौदा राजे राहिलेत. आणि पार्किंगची टाइम लिमिट आहे," मुलगा म्हणाला.

बाबा हलले नाहीत. त्यांना मी सांगितलं, की हे नुसते वारसाने गादीवर बसायचे नाहीत. पुढे पुढे तर सात बड्या लोकांचं मंडळच ठरलं होतं. तीन आर्चबिशप आणि चार सरदार मिळून राजा निवडायचे. निवडून आला तरी सम्राट म्हणवून घ्यायला पूर्वी रोमला जाऊन पोपच्या हातून मुकुट घालून घ्यावा लागे. एवढं करून परत आलं की आपल्याच मुलखातले सरदार त्याचं ऐकायचे नाहीत.

"म्हणजे आमच्या सोसायटीचा चेअरमन," काका म्हणाले. या सम्राटांचं 'पवित्र रोमन साम्राज्य' इतक्या थोडक्यात समजलेला माणूस मला पुन्हा भेटला नाही.

आता हे काम काय असतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं आम्ही नुसत्या उभ्या असतो. उभ्या असतो हे खरंच. खोलीत गाइडला एकच खुर्ची आणि तीही पाठ दुखेल अशी. बाकीच्या जुन्या खुर्च्यांवर 'बसू नका' अशी पाटी लावणं इंग्रजांना असभ्य वाटतं, म्हणून ते प्रत्येक बैठकीवर एक वाळकं काटेरी बोंड ठेवतात. बसायचं तर बसा, आमचं काही म्हणणं नाही! उजेड मोजायचं यंत्र असतं, त्याप्रमाणे खिडक्यांचे ब्लाइंड्स वरखाली करायचे, नाहीतर रंग उडतात. हातात कागद धरायला बंदी. सगळं तोंडपाठ हवं. आणि पाहुणा आत आला की लगेच त्याच्या अंगावर जायचं नाही. त्याची नजर एखाद्या चित्रावर टेकली की मनातल्या मनात दोन श्वास मोजायचे आणि मग बोलायचं. नजर छताकडे गेली तर तो छताबद्दल विचारणार. दाराकडे गेली तर त्याला टॉयलेट हवंय.

हे सगळं मला शिकवलं डोरथीने.

डोरथी तेव्हा ऐंशीला टेकलेली. तीस वर्षं एका शाळेची सेक्रेटरी होती. हेडमास्तर येत-जात आणि शाळा ती चालवायची. निवृत्तीनंतर या घरात व्हॉलंटियर झाली आणि एम्परर्स रूम तिची झाली. नवरा वारलेला, मुलगी न्यूझीलंडला. आठवड्यातले तीन दिवस ती या खोलीसाठी केस सेट करून, मोत्यांच्या कुड्या घालून बसने यायची. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "मला डोरथी म्हण." आईपेक्षा मोठ्या बाईला मी नावाने हाक मारणार? जीभ वळेना. मिसेस म्हटलं की ती रागवायची. म्हणून मी चार वर्षं तिला काहीच म्हटलं नाही. लांब असली तर जवळ जाऊन खाकरायचे.

ती गोष्ट सांगायची ती मात्र ऐकत राहावी अशी. हेन्रीचं चित्र आलं की ती आवाज खाली आणायची. या चौथ्या हेन्रीचं पोपशी बिनसलं, बिशप कुणी नेमायचे यावरून. पोपने त्याला चर्चबाहेर काढलं. सरदारांना तेवढंच निमित्त हवं होतं. तेव्हा ऐन हिवाळ्यात बायको आणि लहानग्या मुलाला घेऊन हा आल्प्स ओलांडून इटलीत गेला आणि पोप मुक्कामाला होता त्या कनोसाच्या किल्ल्याबाहेर बर्फात, अनवाणी, क्षमा मागत तीन दिवस उभा राहिला. हे सांगताना डोरथी नकळत एक पाऊल दुसऱ्या पावलावर घासायची आणि ऐकणारे आपापल्या बुटांकडे बघायचे. मग लाल दाढीचा फ्रेडरिक, बार्बारोसा. म्हातारपणी क्रूसेडला, म्हणजे जेरुसलेमच्या धर्मयुद्धाला, निघाला आणि वाटेत, आजच्या तुर्कस्तानात, एका नदीत बुडून मेला. लोकांना ते पटेना, म्हणून त्यांनी त्याला एका डोंगराच्या पोटात झोपवून ठेवलं. दाढी तिथे अजून वाढतेय म्हणे. आणि ते तीन ओट्टो! आजोबा ओट्टो, बाप ओट्टो, नातू ओट्टो. नाव शोधायचा कंटाळा आपल्याच लोकांना असतो असं नाही.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची यायची. एक गृहस्थ दर महिन्याला येऊन फक्त मुकुटांवरचे मणी बघायचे आणि मान हलवून जायचे. काय चुकलं होतं ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. एका बाईंना पडदे मशीनमध्ये धुता येतात का एवढंच हवं होतं. एक जर्मन जोडपं सगळी खोली फिरलं आणि नवरा हळूच म्हणाला, "एवढे तर आमच्याकडेही एका भिंतीवर नाहीत." आणि एका आजोबांनी मला ठणकावून सांगितलं, की इंग्लंडचे राजे कायम इंग्लिशच होते. मी जॉर्जचं नाव काढलं तर म्हणाले, "तो अपवाद." मग पुढच्या जॉर्जबद्दल विचारलं. "तोही." अशा अपवादांची यादी बरीच लांबली तेव्हा ते चहाला निघून गेले.

माझ्या पाचव्या सीझनच्या एप्रिलमध्ये एका गुरुवारी डोरथीने हेन्रीला नदीत बुडवलं.

मी दारात उभी होते. तिने अगदी त्याच आवाजात, तशाच ठसक्यात सांगितलं, की हा हेन्री क्रूसेडला जाताना बुडाला. पुढे जाऊन लाल दाढीच्या फ्रेडरिकला तिने तीन दिवस बर्फात उभं केलं. पाऊलही घासलं. दहा-बारा पाहुणे होते. कुणी हूं की चूं केलं नाही.

मीही नाही केलं. आमच्या नागपूरच्या घरी मोठे काका पाहुण्यांना स्वतःच्याच निवृत्तीचं साल चुकीचं सांगत, तेव्हा काकू पाण्याचा पेला भरून पुढे करायची. चूक काढायची पद्धत नव्हती. मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. ते अंगातच होतं. आणि इंग्रजांचं म्हणाल तर त्यांना चूक कळली तरी ते "हाउ इंटरेस्टिंग" म्हणून पुढच्या खोलीत जातात. अशा दोन सभ्यतांच्या मधोमध डोरथी सापडली होती.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. कधी बरोबर, कधी उलटं. मग मी एक शहाणपणा केला. तोवर मी सीनियर गाइड झाले होते, कुणी कुठल्या खोलीत उभं राहायचं तो रोटा माझ्याच हातात होता. डोरथीच्या दिवशी मी स्वतःला पुढच्या खोलीत, म्हणजे डायनिंग रूममध्ये लावून घेतलं. तिच्याकडून पाहुणे आले की मी बश्या दाखवता दाखवता सांगायचे, "या बश्या चीनहून मागवलेल्या, कडेला सोन्याचं काम आहे, आणि बरं का, बर्फात उभा होता तो हेन्री, नदीत बुडाला तो दाढीवाला." लोक माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघायचे. पण तीन महिने मी असे सगळे सम्राट जेवणाच्या टेबलाशी उभी राहून जागच्या जागी लावले. मला माझ्या चतुराईचं फार कौतुक वाटत होतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तिला कुणी सांगितलंय का?"

"असं कसं सांगणार? तिला किती वाईट वाटेल!"

"भूल देण्याचं काम माझं आहे. तू कशाला करतेस?" असं म्हणून त्याने पेपर वर केला. मला राग आला.

जुलैत तक्रारीचं पत्र आलं. आमचा हाउस मॅनेजर मार्टिन, अतिशय भला माणूस, ते घेऊन माझ्याकडे आला आणि हवामानाबद्दल बराच वेळ बोलला. मग म्हणाला, "नंदा, मला वाटतं, म्हणजे मी चुकतही असेन, पण कदाचित थोडासा गोंधळ होतोय का?" पत्र माझ्याविरुद्ध होतं! एका निवृत्त शिक्षकाने लिहिलं होतं, की सम्राटांच्या खोलीतल्या प्रेमळ बाईंनी अप्रतिम माहिती दिली. पुढच्या खोलीतली एशियन बाई मात्र त्यांच्या पाठीमागे त्यांचं सगळं खोडून काढत होती, आणि तेही चुकीचं.

खरं सांगितलं असतं तर काय होणार ते मला माहीत होतं. कुणी काही बोललं नसतं. फार गोड शब्दांत, तिच्या गुडघ्यांचं कारण काढून, डोरथीला खाली कोट आणि छत्र्या सांभाळायला बसवलं असतं. ती खोली गेली असती तर ती केस सेट करून बस पकडणार तरी कशासाठी?

"हो," मी म्हटलं. "माझाच गोंधळ होतो."

मार्टिनचा चेहरा उजळला. "उत्तम! मग असं करू या, डोरथीला मी पत्राचं सांगतो. सोमवारी घर बंद असतं तेव्हा डोरथीच तुझी उजळणी घेईल."

सोमवार आला. ब्लाइंड्स खाली ओढलेले, फर्निचरवर पांढऱ्या चादरी. डोरथी गाइडच्या खुर्चीत ताठ बसली आणि मला शाळेतल्या मुलीसारखं चित्रापुढे उभं केलं. मी रात्रभर ठरवून आले होते. तिला दुखवायचं नाही. ती जसं सांगते तसंच म्हणायचं. तीन ओट्टो पार पडले. हेन्री आला.

"हा चौथा हेन्री," मी म्हटलं. "हा क्रूसेडला जाताना नदीत बुडाला."

"कोण बुडाला?"

"हेन्री."

"काहीतरीच काय! हा कनोसाला बर्फात उभा होता. बुडाला तो बार्बारोसा. नंदा, तू एवढी शिकलेली, हे तुला ठाऊक नाही?"

त्या दिवशी तिला सगळं लख्ख आठवत होतं! मी उभीच राहिले. डोरथी माझ्याकडे बघत राहिली. तीस वर्षं खोटी सबब घेऊन येणाऱ्या मुलांना तिने असंच बघितलं असणार. हळूहळू तिचा हात गळ्यातल्या बॅजकडे गेला.

"मी असं सांगते का?"

मी होकाराची मान हलवली.

"कधीपासून?"

"एप्रिलपासून. रोज नाही. कधीकधी."

"आणि ते पत्र?"

मी डायनिंग रूमचं सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर माझा हात हातात घेईल. मी एवढं केलं होतं तिच्यासाठी! ती उठून उभी राहिली ती रागाने.

"तीन महिने मी लोकांसमोर काहीबाही बरळत होते आणि तू माझ्यामागे फडकं घेऊन पुसत फिरत होतीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं म्हणून."

"वाटलं असतंच. ते माझं मी बघितलं असतं." मग तिने खुर्चीची पाठ धरली. "या खोलीतून मी कधी जायचं ते मी ठरवणार, नंदा. मार्टिन नाही, तू नाही. पण ठरवायला मला कळायला तर हवं!"

मला तोंड वर करवेना. इतकी वर्षं ज्याला मी मान म्हणत होते, तो तिच्या हातातला एकुलता एक निर्णय तिला न विचारता काढून घेणं होतं. हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी, चादरी घातलेल्या त्या खोलीत कळलं. त्या तीन महिन्यांची लाज मला आजही वाटते.

डोरथी त्याच दिवशी मार्टिनकडे गेली आणि स्वतःच सगळं सांगून आली. डॉक्टरकडेही स्वतःच गेली. मार्टिनने अपेक्षेप्रमाणे कोट आणि छत्र्यांचा विषय काढला. तिने त्याला आपली अट सांगितली. खोलीत दोघी राहणार. ती सांगणार. चुकली की मी तिथेच, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगायचं. पाठीमागे काही नाही.

पहिल्या गुरुवारी वीसेक माणसं होती. दुसऱ्याच ओट्टोला तिने आजोबा केलं आणि माझ्याकडे बघितलं. नागपूरचे काका, काकू, पाण्याचा पेला, सगळं माझ्या मानेवर बसलं होतं. ती थांबली. लोकही थांबले. ती भुवया उंचावून वाट बघत राहिली.

"नाही, डोरथी," मी म्हटलं. "हा मुलगा. आजोबा त्या पलीकडचे."

"थँक यू, डिअर," ती म्हणाली आणि पुढे सांगू लागली. चार वर्षांत पहिल्यांदा मी तिला नावाने हाक मारली होती, आणि तीही चूक काढायला.

लोकांना ते फार आवडलं. त्यांना वाटलं, या दोघींनी हे बसवलंय. ती हेन्रीला बुडवायची, मी त्याला ओढून बाहेर काढायचे. ती मला चिडवायची, "हिला सगळंच माहीत असतं, नागपूरची आहे ना!" नागपूर कुठे आहे हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळे हसायचे. अभिप्रायांच्या वहीत लोक आमच्याबद्दल लिहू लागले. मार्टिनने तर जाहिरातीच्या पत्रकावर आमचा दोघींचा फोटो छापला. त्यातही आमच्या मागचं नाक तेच.

असे दोन सीझन गेले. सुरुवातीला फेरीला एखादी चूक व्हायची, मग दोन. फेरी संपली की ती मला विचारायची, "आज किती?" मी खरा आकडा सांगायचे. आधी जड जायचं, नंतर जाईनासं झालं. तिनेही कधी तोंड पाडलं नाही. शाळेचं हजेरीपत्रक ऐकावं तसं ऐकायची.

दुसऱ्या वर्षीच्या सप्टेंबरात, खोली भरलेली असताना, ती बार्बारोसापाशी थांबली. गोष्ट मध्येच सुटली होती. मी सांगितलं. ती पुढे गेली, पुन्हा सुटली. मी पुन्हा सांगितलं. असं चार वेळा झालं. लोकांच्या चेहऱ्यावर हसू होतंच, त्यांना पुढचा विनोद हवा होता. डोरथीने त्या लाल दाढीकडे बराच वेळ बघितलं आणि फेरी संपायच्या आधीच मला विचारलं, सगळ्यांसमोर, मोठ्याने:

"आज किती, नंदा?"

मला 'एक' म्हणता आलं असतं. तेवढ्यावर ती अजून एक सीझन राहिली असती. तिने माझ्याकडे बघितलं, तेव्हा ती तीन महिन्यांची लाज मला पुन्हा आठवली.

"चार, डोरथी. या एकाच चित्राशी चार."

"मग झालं," ती म्हणाली. गळ्यातला बॅज तिने स्वतःच काढून पर्समध्ये ठेवला, पर्सची कडी लावली, आणि पाहुण्यांच्या घोळक्यात जाऊन पहिल्या रांगेत उभी राहिली. "आता तुम्ही सांगा, बाई. आम्ही तिकीट काढून आलोय."

सगळे खो खो हसले. त्यांना तो आमच्या खेळाचाच भाग वाटला. डोरथी माझ्याकडे बघून हसत होती, म्हणून मीही हसले आणि पुढच्या चित्राकडे वळले.